भिंतीतून चालू नका!

घर हलवायचं ठरलं की सामानाच्या आधी किस्से जमायला लागतात. बरं, त्यांना खोका लागत नाही, सुतळी लागत नाही, आणि नव्या घरी पोचल्यावर ते सापडतातही. आमची चहाची गाळणी अजून सापडलेली नाही! तुमच्यापैकी ज्यांनी घर हलवलंय त्यांच्याकडे असे दोन-चार किस्से असणारच. आमच्याकडे जरा जास्त आहेत, कारण आम्ही एकाच उन्हाळ्यात दोन घरं हलवली. त्यातलं एक तर कुणाला दिसतसुद्धा नव्हतं.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ होणार नाही. आमचे हे माकणीच्या धरणावर मोजणीदार. कालव्याचं पाणी कुणाच्या किती रानाला गेलं ते मोजायचं, हे त्यांचं काम. धरणाखालच्या कॉलनीत आमचं क्वार्टर. डावीकडे नसीमभाभी, चांगल्या साडेपाच फूट उंच. उजवीकडे महानंदाअक्का, माहेर कर्नाटकातलं, त्यामुळे हसू आलं की मराठीत आणि राग आला की कानडीत. घरात आम्ही दोघं आणि माझे सासरे, तात्या. मे अखेरीस हे रिटायर होणार होते, क्वार्टर सोडायचं होतं, आणि येडशीला आमचं छोटंसं घर बांधून होत आलं होतं.

*

पहिला किस्सा खोक्यांचा. किराणा दुकानातून साबणाचे, बिस्किटांचे चाळीसएक खोके आणले. मी ह्यांना मार्कर दिला आणि म्हटलं, "मी भरते, तुम्ही फक्त प्रत्येक खोक्यावर नीट लिहा."

सकाळभर माणूस खाली मान घालून लिहीत होता. मला कौतुक वाटलं. दुपारी बघते तर प्रत्येक खोक्यावर सुंदर अक्षरात लांबी, रुंदी, उंची!

"अहो, यात काय आहे?"

"लिहिलंय की."

"हे आकडे आहेत!"

"मग टेम्पोत काय बसवायचंय? आकडेच ना!"

तेवढ्यात नसीमभाभींचा निरोप आला की पाहुणे आलेत, मोठा कुकर द्या. मग काय, खोके उघडायला सुरुवात. पहिल्यात अक्कांचा सोऱ्या निघाला, जो हरवला म्हणून त्यांनी दिवाळीत नवा घेतला होता. दुसऱ्यात माझा शालू. तिसऱ्यात ह्यांचा चष्मा, जो ते सकाळपासून शोधत होते आणि ज्याच्याशिवाय त्यांनी एवढं सुंदर लिहिलं होतं. नवव्या खोक्यानंतर कुकर सापडला. तो शेगडीवर होता आणि त्यात दुपारचा भात होता.

*

आता तात्यांचं सांगते. काचबिंदूनं त्यांची नजर गेली आणि त्याच वर्षी आम्ही माकणीला आलो. म्हणजे ते क्वार्टर त्यांनी कधी पाहिलंच नाही. पावलं मोजून मोजून पाठ केलं. खाटेपासून बाथरूम सात पावलं, दारापासून अंगणातलं कडुलिंबाचं झाड चौदा. आमच्याकडे त्याला नुसतं लिंबच म्हणतात. त्या झाडाखाली त्यांची खुर्ची. घरातल्या घरात ते असे फिरायचे, की नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा आंधळा असल्याचं सोंग करतोय.

मध्ये एकदा ते आठ दिवस कळंबला माझ्या नणंदेकडे गेले. सगळे लग्नाला गेलेले, दुपारी तात्या बाथरूमला उठले आणि वाट चुकले. नणंद परत आली तेव्हा जिन्याखालच्या कोपऱ्यात भिंतीला हात लावून उभे होते, दोन तासांपासून. शेजारी बायका बोलत होत्या, त्यांना हाक मारली नाही. धोतर ओलं झालं होतं.

"तात्या, इथं काय करताय?" तिनं विचारलं.

"भिंत कशी बांधलीया बघत हुतो."

नणंदेनं हा किस्सा आम्हाला हसत हसत सांगितला आणि सांगता सांगता रडली. दुसऱ्या दिवशी तात्या माकणीला परत आले. त्यानंतर कुणाकडे मुक्कामाला म्हणून गेले नाहीत.

येडशीचं नक्की झालं त्या संध्याकाळी ह्यांनी उत्साहानं सगळं सांगितलं. रेल्वे जवळ, हवा चांगली, रामलिंगचं रान जवळ. तात्यांनी ऐकून घेतलं.

"म्या न्हाय येत," ते म्हणाले. "नव्या सायबाला सांगा, क्वार्टरमदी पंखा हाय, नळ हाय, आन ह्यो म्हातारा बी हाय."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

"आरं, हे घर शिकायला मला तीन वर्सं लागली. आता दुसरं शिकायला तेवढी सवड कुठं हाय?"

त्या रात्री मला तात्यांचा राग आला नाही, आमचाच आला. घराचा नकाशा पंचवीस वेळा बघितला होता, पण एकदाही त्यांच्या पावलांनी बघितला नव्हता.

*

ह्यांना एखादी गोष्ट सुचली की ते आधी टेप शोधतात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते, तर अंगणात टेप, खुंट्या आणि चुन्याच्या फक्कीची पिशवी. येडशीचं घर त्यांनी जसंच्या तसं अंगणात आखायला घेतलं होतं! घर अजून पंधरा-वीस दिवस तयार होणार नव्हतं. तोपर्यंत तात्यांनी इथेच त्याचा सराव करायचा.

दुपारपर्यंत पांढऱ्याशुभ्र रेघांचं घर तयार झालं. हॉल, समोर स्वयंपाकघर, डावीकडे तात्यांची खोली, तिला लागून बाथरूम. कॉलनीतले लोक बघायला आले. ह्यांनी तात्यांना हाताला धरून मधोमध उभं केलं.

"बघा तात्या! एक रेघ वाकडी नाही!"

तात्यांनी मान डोलावली.

"लई झ्याक हाय," ते म्हणाले. "पर बाळा, रेघ मला दिसती व्हय?"

एवढा हुशार माणूस, पण हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मग रेघांवर खुंट्या ठोकल्या आणि कमरेएवढ्या उंचीवर सुतळी बांधली. त्या झाल्या भिंती. सुतळी नाही तिथं दार.

एकच अडचण होती. अंगण लहान, एका बाजूला हौद, दुसऱ्या बाजूला कंपाउंड. नकाशा कसाही फिरवला तरी लिंबाचं झाड घरात येत होतं. शेवटी ते नेमकं हॉलच्या मधोमध आलं, दार आणि स्वयंपाकघराच्या बरोबर वाटेत.

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "वळसा घालीन."

*

आणि तात्या घर शिकायला लागले. सकाळ-संध्याकाळ, एक हात सुतळीवर, ओठांवर आकडे. दारातून झाडापर्यंत सहा पावलं, वळसा तीन, तिथून स्वयंपाकघर पाच. खाटेवरून उठलं की बाथरूम पाच पावलं, दार उजव्या हाताला.

एकदा मी धुणं घेऊन सुतळीखालून वाकून तारेकडे निघाले.

"सूनबाई!"

"काय तात्या?"

"भिंतीतनं कुठं चाललीस?"

मी परत फिरले, दारातून आत आले, झाडाला वळसा घातला, मागच्या दारानं बाहेर पडले आणि धुणं वाळत घातलं. ह्यांनी हसून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर घेऊन अंगणात आले ते आधी दाराशी थांबले आणि पायपुसण्यावर पाय पुसले. पायपुसणं कुणी टाकलं होतं, माहीत नाही!

नसीमभाभी तर पहिल्या दिवसापासून दार वाजवल्याशिवाय येत नसत. हवेतल्या दारावर टकटक कशी करायची? मग त्या तोंडानंच म्हणायच्या, "टक टक! तात्या, येऊ का?" आत आल्या की झाडाला वळसा, आणि हमखास त्यांच्या कपाळाला खालची फांदी लागायची. आम्ही सगळे बुटके, फांदी फक्त भाभींना लागायची. पानांची सळसळ झाली की तात्या खुर्चीतून विचारायचे, "कोण, नसीम? फांदी लागली न्हाय न्हवं?"

"लगी की जी! रोजची हाय ती."

चार दिवसांनी त्या वाकायला शिकल्या. तात्यांचं विचारणं मात्र चालूच राहिलं.

एके दिवशी भाभींची शेळी सुतळीखालून घुसली आणि सरळ तात्यांच्या खोलीत गेली. तात्या चिडले. "नसीम, दार सोडून शिरली बघ तुजी शेळी!"

"तात्या," भाभी गंभीरपणे म्हणाल्या, "पहिल्यांदा आली ना घरात. तिला बी शिकू द्या की."

*

माझं म्हणाल, तर त्या मे महिन्यात मला काय झालं होतं कोण जाणे. खऱ्या घरात खोक्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी भाजी निवडायला अंगणातल्या स्वयंपाकघरात बसायला लागले. दुपारी धरणावरून वारा यायचा आणि भिंतीतून सरळ तोंडावर लागायचा. लिंबाची बारीक पांढरी फुलं हॉलमध्ये पडायची. मी बसल्या बसल्या मांडणी लावायची, डबे पुसायची, फळीवर देव बसवायची. डोळा लागला की त्या घरातच जाग यायची, आणि दोन मिनिटं कळायचं नाही की छत कुठे गेलं.

अक्का एकदा पापड घेऊन आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "वैनी, तुमच्या किचनला खिडकी पूर्वेला हाय ना?"

"हो, का?"

"ऊन येतंय. पडदा लावा की!"

मी उठून पडदा ओढला. अक्कांनी मान डोलावली आणि आम्ही पुढे बोलत बसलो.

*

पॅकिंग शेवटच्या आठवड्यात आलं आणि सुतळी संपली. दुकान बंद, गाद्या अजून बांधायच्या. मी इकडे तिकडे बघितलं आणि अंगणात जाऊन गुपचूप हॉलची एक भिंत सोडून आणली. छान लांब सुतळी निघाली.

संध्याकाळी तात्या सराव करताना थांबले. "सूनबाई, हॉलची ही भिंत कुठाय?"

"तात्या, ती गाद्यांना बांधली."

"आन सैपाकघराची?"

"ती शिलाई मशीनला."

मला वाटलं, आता ओरडणार. तात्यांनी हवेत हात फिरवला, एक पाऊल मागे घेतलं आणि म्हणाले, "ने. माजी पाठ झालीया."

मग दोन दिवसांत मी आख्खं घर सोडून सामानाला बांधलं. खुंट्याही काढल्या. फक्कीच्या रेघा तर येण्याजाण्यानं कधीच पुसल्या होत्या. अंगणात काही म्हणता काही उरलं नाही, आणि तरीही कुणी भिंतीतून चाललं नाही. भरलेले खोके आम्ही बाहेर आणले ते ज्याच्या त्याच्या खोलीत ठेवले. टेम्पोवाला आदल्या दिवशी सामान बघायला आला आणि सरळ बाथरूममधून चालत आला. सगळ्या कॉलनीनं एकदम "अहो, अहो!" केलं. त्याला वाटलं, साप आहे!

*

शेवटच्या दोन दिवसांत माझी झोप उडाली ती एका फोननं. येडशीहून गवंडी बोलत होता. "सायेब, बाथरूमचं दार डावीकडं घेऊ का? फरशीचा उतार झ्याक बसंल."

फोन स्पीकरवर होता. हे काही बोलायच्या आत तात्या अंगणातून ओरडले, "घेऊ नगंस! म्या रोज उजवीकडं जातोय!"

पलीकडे गवंडी गोंधळला. कुणी राहायला आलेलं नसताना तिथं रोज कोण जातंय, हे त्याला समजेना. "बघतो," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

आता गवंड्याचं "बघतो" म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांनी नंतर चार फोन लावले, एकही उचलला नाही. तात्यांनी त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली. मला सारखा तो कळंबचा जिन्याखालचा कोपरा दिसत होता. एवढं सगळं करून दार डावीकडे गेलं असेल तर? माणूस एकदा धीर करतो. दुसऱ्यांदा त्याला सांगायचं कोणत्या तोंडानं?

*

निघायच्या दिवशी नसीमभाभींनी विरजणाची डबी माझ्या हातात दिली. आमचं दही वीस वर्षं एकमेकींच्या विरजणावर लागत आलं होतं. त्या रडल्या, मी रडले, अक्का कानडीत रडल्या. तात्या झाडाजवळ गेले, खोडाला हात लावून उभे राहिले. मग हवेतलं दार ओढून घेतलं, कडी लावली आणि टेम्पोत पुढे बसले. वाटेत मांडीवर बोटांनी आकडे मोजत होते.

येडशीला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. मी आधी आत जाऊन शेगडी मांडली, दूध ठेवलं. नव्या घरात पहिलं दूध उतू जायला हवं आणि ते डोळ्यांनी बघायला हवं. तात्या दारात आले. ह्यांनी हात पुढे केला.

"सोड."

पहिलं पाऊल टाकलं आणि ठेच! आमच्या हवेतल्या घराला उंबराच नव्हता! लांबी मोजली, रुंदी मोजली, पण एवढ्या मोठ्या मोजणीदाराच्या डोक्यात उंबरा काही आला नाही. तात्या चौकट धरून थांबले.

तात्यांनी पायानं उंबरा चाचपला. "दार खरं हाय मंजे," ते म्हणाले आणि आत आले.

डावीकडे वळून त्यांच्या खोलीत गेले. खाटेची जागा. एक, दोन, तीन, चार, पाच. उजवा हात पुढे गेला. हात कडीवर पडला. खट्ट! कडी वाजली, दार उघडलं. आतून नळाच्या पाण्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ चालू राहिला. बाहेर हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. डोळे पुसत होते, हे मला पाठीवरून कळलं.

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. ते बघितलं मात्र कुणीच नाही.

मग तात्या पुन्हा बाहेरच्या दाराशी गेले आणि तिथून स्वयंपाकघराकडे निघाले. ऐसपैस मोकळ्या हॉलमधून सरळ चालत आले, मध्येच थांबले, डावीकडे तीन पावलांचा वळसा घातला आणि पुन्हा सरळ चालायला लागले. हे काहीतरी बोलणार होते. मी त्यांचा हात दाबला.

हॉलच्या मध्ये आम्ही काही ठेवलं नाही. तात्यांची खुर्ची फक्त तिथं आहे, जरा बाजूला.

*

दोन महिन्यांनी नसीमभाभी भेटायला आल्या. घर त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते, गाळणी नव्हतीच, फडकं शोधत होते. तात्या हॉलमध्ये खुर्चीत होते. तात्यांच्या वळशाबद्दल भाभींना मी काही सांगितलं नव्हतं.

"टक टक! येऊ का?" बाहेरून आवाज आला.

त्यांनी चपला काढल्या, उंबरा ओलांडला, आणि माझ्याकडे बघून हसत हसत सरळ निघाल्या. सहा पावलांवर आपसूक डावीकडे वळल्या आणि चालता चालता मान खाली घालून वाकल्या.

"कोण, नसीम?" तात्यांनी विचारलं. "फांदी लागली न्हाय न्हवं?"

"नहीं जी तात्या," भाभी म्हणाल्या. "वाकले की मी."